कुऱ्ह्याच्या ओव्या आणि लिनक्स मिंट : विंडोज १० सोडतानाचे साडेतीन महिने

गेल्या वर्षी २७ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, एका लग्नपत्रिकेचं प्रूफ काढत असताना पडद्यावर सूचना आली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. ही तारीख आधीपासून जाहीर होती, मी कानाआड केली होती. अमरावतीत घरच्या घरी टायपिंग आणि पत्रिका, स्मरणिका लावून देण्याचं काम मी करते. बँकेचे व्यवहार, ग्राहकांच्या आधार कार्डांच्या प्रती, सगळं याच संगणकावर. त्यामुळे बिनाअपडेटचा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणं मला पटेना.

आता हे सगळं पार पडलं आहे. ज्यांच्या घरी असाच संगणक पडून आहे त्यांच्यासाठी, काय काय झालं ते क्रमाने लिहिते आहे.

संगणक २०१७ च्या दिवाळीत घेतलेला. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घ्यायचा, पण एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नाही. विंडोज ११ चालेल का हे पाहायला ‘पीसी हेल्थ चेक’ उतरवलं. दोन ठिकाणी नकार आला, टीपीएम २.० (सुरक्षेची खास सोय) आणि प्रोसेसर. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनवरून बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंग्ज, उघडायला लावलं आणि ‘पीटीटी’ नावाचा पर्याय सुरू करायला सांगितला. टीपीएमचा नकार गेला. प्रोसेसरचा राहिला. मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच विंडोज ११ च्या यादीत आहे. ती संध्याकाळ वाया गेली असं म्हणणार नाही, कारण बायोसची भीती तिथेच मोडली आणि ती पुढे कामाला आली. तुम्ही मात्र आधी प्रोसेसरची पिढी पाहा. आय-फाइव्हनंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा दोन ते सात यांपैकी असेल तर टीपीएमच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

टीपीएमची अट निव्वळ मनमानी आहे असं मी मानत नाही. किल्ल्या आणि पासवर्ड वेगळ्या, सुरक्षित जागी राहतात, हा फायदा खरा आहे. पण धडधाकट चालणारी लाखो यंत्रं एका यादीमुळे भंगाराच्या रस्त्याला लागावीत, हे मला चूक वाटतं. या यंत्राचे हप्ते फेडताना आमचं घर वर्षभर तोलून चाललं होतं. ते बिघडलं असतं तर मी निरोप दिला असता. ते बिघडलेलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस चौकशीत गेले. राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात नवीन संगणकाचा भाव ४२ हजार सांगितला, मॉनिटर सोडून. दुसरा मार्ग म्हणजे विंडोज १० ची वाढीव मुदत. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्ज सिंक करायच्या, किंवा ३० डॉलर भरायचे, किंवा त्यांचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट वापरायचे. ज्यांना आत्ता वेळच नाही त्यांनी हा मार्ग जरूर घ्यावा. वर्षभराचा श्वास मिळतो. मी विचार केला की वर्षाने हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार, आणि तेव्हा बाबा एका वर्षाने मोठे असतील. बाबांचा यात काय संबंध, ते पुढे येईलच.

भाचा म्हणाला, “आत्या, लिनक्स मिंट टाक. नाही आवडलं तर परत येता येतं.” लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्यावरून परत येता येणं माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं लिनक्सच चालतं, हेही त्याच्याकडून कळलं. शाळेतली पोरं वापरतात तर मलाही जमेल, एवढा धीर मला पुरला.

दिवाळीच्या गर्दीत यंत्राला हात लावायचा नाही हे नक्की होतं. तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला, म्हणजे त्यानंतर पत्रिकांचा हंगाम. मधल्या आठ दिवसांत काम उरकायचं ठरवलं. ११ ऑक्टोबरला खरेदी केली. पाचशे जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) ३,१०० रुपये, एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ४,६५०, बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह ३८०. एकूण ८,१३०. पैकी बाहेरची हार्ड डिस्क कशीही हवीच होती. इतकी वर्षं सगळा मजकूर एकाच डिस्कवर ठेवला होता, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी बॅकअपला बसले. १८६ जीबी. रात्री लावलं, सकाळी पूर्ण झालं होतं. फोल्डर कॉपी करणं सगळ्यांना आठवतं. मी वहीत वेगळी यादी केली ती अशा गोष्टींची, ज्या फोल्डरमध्ये दिसत नाहीत. ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड, ईमेलचे पत्ते आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फॉन्ट. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात ‘फॉन्ट्स’ असतं, तिथून मी कृतिदेव आणि इतर जुने मराठी फॉन्ट उचलून ठेवले. ते राहून गेले असते तर पुढचं काहीच वाचता आलं नसतं.

मिंटची २२.२ ही आवृत्ती उतरवली. फाइल तीन जीबीच्या आसपास. उतरवलेली फाइल अर्धवट किंवा बदललेली नाही ना, हे तपासायला संकेतस्थळावर लांबलचक आकडा दिलेला असतो. तो आपल्या फाइलच्या आकड्याशी जुळवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका. मग ‘रुफस’ या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवली आणि संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला. मिंट असं नुसतं चालवून पाहता येतं, डिस्कवर काहीही न लिहिता. मी शनिवारचा अख्खा दिवस तसंच वापरलं. आवाज आला, पडदा नीट दिसला, मराठी संकेतस्थळं स्वच्छ दिसली. वाय-फायचा छोटा डोंगल मात्र ओळखला गेला नाही. त्यावर सोपा उपाय निघाला. फोन केबलने जोडायचा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचं, इंटरनेट लगेच मिळतं. ज्यांच्याकडे डोंगल आहे त्यांनी ही केबल हाताशी ठेवूनच बसावं.

२६ ऑक्टोबरला, रविवारी, प्रत्यक्ष मिंट टाकलं. भाच्याचा एक सल्ला मला लाखमोलाचा वाटतो. संगणक बंद करून, वायर काढून, डबा उघडायचा आणि जुन्या हार्ड डिस्कची केबलच उपटून ठेवायची. नवी एसएसडी तेवढी जोडायची. कारण मिंट टाकताना एका पडद्यावर ‘डिस्क पुसून टाका’ असं विचारतात आणि तिथे कुणाचाही हात थरथरेल. जुनी डिस्क जोडलेलीच नसेल तर पुसलं जाण्याची भीतीच उरत नाही. मी ते बटण निवांतपणे दाबलं. पंचवीस मिनिटांत काम संपलं. नंतर जुन्या डिस्कची केबल परत लावली. आता सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबून कोणतीही डिस्क निवडता येते. माझ्याकडे ते एफ-बारा आहे, प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. विंडोज १० जुन्या डिस्कवर जसंच्या तसं आहे, पण मी त्याला इंटरनेट देत नाही.

पहिल्याच दिवशी ‘टाइमशिफ्ट’ लावून घ्या. सिस्टिमची आजची स्थिती ते जपून ठेवतं आणि काही बिघडलं तर मागे नेतं. मला नोव्हेंबरात एकदा त्याची गरज पडली, आणि ती प्रिंटरमुळे. माझा लेझर प्रिंटर जुना, स्वतःचाच ड्रायव्हर मागणारा. कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्सचा ड्रायव्हर होता, पण तो कित्येक वर्षांत कुणी हात न लावलेला. दोन संध्याकाळी गेल्या, एकदा सिस्टिम मागे न्यावी लागली, आणि प्रिंटर आजही मिंटवरून चालत नाही. मी पीडीएफ करते आणि विंडोजच्या डिस्कवरून छापते. नवे वाय-फायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात. दादाच्या दुकानातला तसाच आहे, तो मिंटने जोडताक्षणी ओळखला.

दादाचं नाव निघालं म्हणून सांगते. त्यालाही मिंट हवं होतं, मीच नको म्हटलं. त्याचा सगळा हिशेब टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. डिजिटल सहीचं टोकन लावून जीएसटीची कामं करायची असतील तरी विंडोजवरच सुरळीत जातात. माझंही तसंच, ग्राहकाने कोरल ड्रॉची फाइल आणली तर मला जुनी डिस्क उघडावी लागते. स्वतःच्या पत्रिका मी आता इंकस्केपमध्ये करते आणि पुस्तिका स्क्रायबसमध्ये. स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट बसतात. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, हे सगळे मोफत आणि देखणे आहेत. इतकी चांगली मराठी अक्षरं कुणीतरी सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आहेत, हे मला पन्नाशीजवळ येईपर्यंत माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं.

खरी परीक्षा टायपिंगची होती. मी १९९८ साली मराठी चाळीसची परीक्षा दिली ती रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर. कृतिदेवचा कीबोर्डही त्याच वळणाचा, त्यामुळे सत्तावीस वर्षं बोटांना दुसरं काही ठाऊक नव्हतं. मिंटवर रेमिंग्टनची मांडणीही मिळते, ‘आयबस’ आणि त्याचं एम-सतरा-एन हे पॅकेज घातलं की यादीत दिसते. चार दिवस तसं चालवलं. मग ठरवलं की आता इन्स्क्रिप्टच शिकायचं, कारण ते फोनपासून सरकारी कचेरीतल्या संगणकापर्यंत सगळीकडे सारखंच असतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी त्याची सुबक रचना आहे. पण पहिला आठवडा जीवघेणा गेला. मिनिटाला आठ-नऊ शब्द. एकदा रात्री मी रडले. ग्राहकाचं काम अडलं होतं आणि माझे हात माझेच वाटत नव्हते. ते काम शेवटी जुन्या डिस्कवरून दिलं. रोज अर्धा तास सराव करून तिसऱ्या आठवड्यात वीसवर आले, आज तीसच्या पुढे आहे. शिकणाऱ्यांनी हंगामात सुरुवात करू नये. मी केली, आणि नको तेवढा मनस्ताप झाला.

आता बाबांचं सांगते. माझे बाबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी नात्यातल्या, ओळखीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. ११४० ओव्या, प्रत्येकीखाली गावाचं नाव. २००९ ते २०१२ या काळात त्या वह्या मी कृतिदेवमध्ये टाइप केल्या. वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजल्या. त्यामुळे त्या तेवीस फाइली हीच आता मूळ प्रत.

मिंटवर लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे तिथल्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, पहिली फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. बाबा शेजारी होते. “हे काय व माय? माह्या ओव्या कोठी गेल्या?” त्यांचा चेहरा मला बघवेना. जपून ठेवलेला फॉन्ट बसवला आणि ओव्या परत दिसू लागल्या. दिसल्या, पण तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं की त्या मराठीत लिहिलेल्याच नाहीत. कृतिदेवच्या फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट त्या अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवतो, इतकंच. उद्या तो फॉन्ट कुणाकडे नसला तर बाबांच्या कुऱ्ह्याच्या आत्याबाईंच्या ओव्यांचं पुन्हा पानभर इंग्रजी होणार. बाजारात नवा संगणक घेतला असता तरी ही अडचण तशीच राहिली असती. किंबहुना मला ती कळलीही नसती.

म्हणून १५ नोव्हेंबरपासून युनिकोडचं काम हाती घेतलं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, ते एका फॉन्टवर अवलंबून राहत नाही. कृतिदेवचं युनिकोड करणारी मोफत पानं इंटरनेटवर आहेत. त्यातलं एक जतन करून मी इंटरनेट बंद ठेवून वापरलं, कारण लोकांचा मजकूर कुठेतरी पाठवणं योग्य नाही. मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, युनिकोड बाहेर येतं. मात्र मूळ फाइलला हात लावायचा नाही, नेहमी प्रतीवर काम करायचं. अवघड काय असतं ते ‘विदर्भ’ या एका शब्दात दिसतं. कृतिदेवमध्ये वेलांटी सर्वांत आधी टाइप होते, ‘व’च्याही आधी, आणि रफार सर्वांत शेवटी, ‘भ’नंतर. युनिकोडमध्ये आपण जसं उच्चारतो तसा क्रम लागतो, आधी व आणि मग वेलांटी, आधी र् आणि मग भ. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, ती उचलून योग्य जागी ठेवावी लागतात. हे सगळं त्या पानाने चोख केलं. बाबांच्या टिपांमध्ये मधे आलेले इंग्रजी शब्द मात्र देवनागरी कचरा होऊन बाहेर आले, ते हाताने लिहावे लागले.

पहिल्या पाच फाइली झाल्यावर मी हौसेने बाबांना म्हटलं, आता शब्द शोधून दाखवते. बाबा म्हणाले, “कुऱ्हा टाक.” कुऱ्हा म्हणजे तिवसा तालुक्यातलं त्यांच्या आत्याचं सासर. मी टाकलं. एकही नाही. ‘वऱ्हाड’ टाकलं. तेही नाही. बाबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

कारण सापडायला दोन दिवस लागले. रूपांतर झालेल्या मजकुरात ‘कुर्हा’ होतं, ‘वर्हाड’ होतं. आपला तो आडवा, पापणीसारखा र सगळीकडे रफार होऊन बसला होता. डोळ्याला फरक बारीक वाटतो, संगणकाला अजिबात नाही. युनिकोडमध्ये र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१, दोन वेगळी अक्षरं. हिंदीला या ऱ्ह-ऱ्यची गरज पडत नाही. मराठीला पावलोपावली पडते. साऱ्या, वाऱ्यानं, पायऱ्या, नवऱ्याले, सासऱ्याच्या, ओव्यांमध्ये दुसरं असतं काय! फाइली मी टाइप केल्या तेव्हा आम्ही सगळे जसं दिसेल तसं जमवून घ्यायचो. त्याची परतफेड आता करायची होती.

‘र्ह’ सोपं निघालं. ओव्यांमध्ये ‘अर्हता’सारखे शब्द नाहीत, म्हणून सगळे ‘र्ह’ एका फटक्यात ‘ऱ्ह’ केले. ‘र्य’ला तसं करता येत नाही. ‘साऱ्या’ दुरुस्त करताना ‘सूर्या’ बिघडतो, ‘मर्यादा’ बिघडते. एकूण ६१२ जागा निघाल्या. एकेक जागा थांबून पाहायची ठरवली, आणि खरं सांगायचं तर हे महिने त्यासाठीच लक्षात राहतील. रोज रात्री जेवणानंतर बाबा खुर्चीवर आणि मी संगणकापुढे. मी ओवी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. कुठे मी शब्द शुद्ध करून वाचला तर लगेच थांबवायचे. “तशी नोहे, तिनं ‘नवऱ्याले’ म्हटलं होतं, ‘नवऱ्याला’ नाही.” टाइप करताना मीच तेव्हा काही शब्द पुस्तकी करून ठेवले होते. तेही या निमित्ताने मूळपदी आले. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र चं बटण दाबलं की ऱ मिळतो. ती हालचाल आता माझ्या बोटांत पक्की आहे.

मधे डिसेंबरात पत्रिकांचं काम वाढलं आणि बारा दिवस खंड पडला. बाबांना सर्दी-खोकला झाला, आणखी एक आठवडा गेला. शेवटची फाइल ११ जानेवारीला, संक्रांतीच्या तीन दिवस आधी, रविवारी रात्री संपली. तीन प्रती केल्या. एक एसएसडीवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दादाच्या घरी.

मग सगळ्या फाइली एकत्र उघडल्या. बाबांना विचारलं, काय शोधू. ते म्हणाले, “तेच टाक.”

‘कुऱ्हा’ टाकलं. चौसष्ट.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. “पहिलीपासून वाच,” म्हणाले.